दोन बटणांचं दुकान आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द



दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात घरगुती फराळ विकणाऱ्या कुठल्याही ताईंचा फोन बघा. ‘चकली अर्धा किलो मिळेल का?’ ‘भाव काय?’ ‘आमच्याकडे पाठवता का?’ ‘पैसे पाठवलेत, बघा ना.’ मेसेजचा नुसता पाऊस. त्यात एखादी ऑर्डर वर सरकून हरवते, ऐन धनत्रयोदशीला त्या घरचा फोन येतो आणि दमलेल्या हातांनी पुन्हा कढई चढवावी लागते.

मग घरातलं एखादं कॉलेजात जाणारं पोर म्हणतं, ‘काकू, तुमच्या वेबसाइटवर दुकानाचं प्लगइन टाकू या. दोन बटणं दाबली की काम झालं!’

पोर खोटं बोलत नाही. बटणं खरंच दोन असतात: ‘इन्स्टॉल’ आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’. पण दुकान म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द असतो. या भावात देईन, या पत्त्यावर पोचवीन, तुमचे पैसे नीट जमा होतील. हा शब्द पाळायचा तर त्या दोन बटणांच्या मागे काय चालतं, ते थोडं तरी माहीत हवं. आज तेच बघू या. कोडिंग येत नसलं तरी काही बिघडत नाही. उदाहरणं सगळी दुकानातली आणि स्वयंपाकघरातलीच आहेत.

ब्लॉक म्हणजे काय, प्लगइन म्हणजे काय?

जगातल्या दर १० वेबसाइटपैकी ४ पेक्षा जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी मे २००३ मध्ये हे मोफत सॉफ्टवेअर लोकांसमोर आणलं. सुरुवातीची अनेक वर्षं पान लिहायची जागा म्हणजे एकच मोठी कोरी चौकट असायची. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० ही आवृत्ती आली आणि चौकटीच्या जागी ब्लॉक आले. परिच्छेद एक ब्लॉक, फोटो एक ब्लॉक, बटण एक ब्लॉक. उचलायचा, हवा तिथे ठेवायचा.

या एडिटरचं नाव गुटेनबर्ग. पंधराव्या शतकात जर्मनीत योहान गुटेनबर्गने धातूचे सुटे खिळे जुळवून पुस्तकं छापली, त्याच्यावरून ते दिलं. खिळे जुळवून छापील पान, तसे ब्लॉक जुळवून वेबसाइटचं पान. नाव अगदी चपखल आहे.

आता प्लगइन. मिक्सरची मोटर एकच असते. चटणीचं भांडं लावलं की चटणी, ज्यूसरचं लावलं की रस. वर्डप्रेस ही मोटर आणि प्लगइन हे भांडं. दुकानासाठीचं सगळ्यांत परिचित भांडं म्हणजे वूकॉमर्स. वूथीम्स या कंपनीने २०११ मध्ये ते आणलं आणि २०१५ मध्ये मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने वूथीम्स विकत घेतली. गंमत म्हणजे वूकॉमर्सही शून्यापासून लिहिलेलं नाही. जिगोशॉप नावाच्या आधीच्या मुक्त प्लगइनचा कोड घेऊन ते पुढे वाढवलं. कोड मुक्त असला की दुसऱ्याने घातलेल्या विरजणावर आपलं दही लावता येतं, ते असं.

भाव खडूने लिहायचा की रंगाने?

दुकानासाठी ब्लॉक बनवणाऱ्याला पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो.

वर्डप्रेसमध्ये ब्लॉक दोन तऱ्हेचे असतात. पहिल्या तऱ्हेत तुम्ही पान जतन करता त्या क्षणी जे लिहिलं, तेच पानात कायमचं साठतं. दुकानावर रंगाने रंगवलेल्या पाटीसारखं. दुसऱ्या तऱ्हेत पानात फक्त एक खूण साठते, ‘इथे भाजणीचा भाव दाखवायचा’ एवढीच. कुणी पान उघडलं की तेव्हाचा भाव दुकानाच्या नोंदीतून वाचून दाखवला जातो. रोज सकाळी फळ्यावर खडूने भाव लिहावा तसं. पहिल्याला स्टॅटिक ब्लॉक म्हणतात, दुसऱ्याला डायनॅमिक.

समजा भाजणी १२० रुपये पाव किलो होती. डाळी महागल्या म्हणून तुम्ही ती १४० केली. भाव पाटीवर रंगवलेला असेल, तर ज्या ज्या पानावर तो ब्लॉक टाकला होता तिथे १२०च दिसत राहणार, आणि पैसे भरताना मात्र १४० मागितले जाणार. गिऱ्हाइकाला हा तांत्रिक दोष वाटत नाही, लबाडी वाटते. म्हणून दुकानाची गोष्ट, तुमच्या आजीचा फोटो, मसाला वापरायची पद्धत हे सगळं स्टॅटिक चालेल. भाव, शिल्लक माल आणि ‘संपलं’ची पाटी मात्र डायनॅमिकच हवी.

एक छोटं प्लगइन बनवून बघू

माझी आत्या वडोदऱ्यात राहते आणि भाजणी, मेतकूट, लाडू करून विकते. मी तिला विचारलं, तुला दुकानात काय हवं? तिने क्षणाचाही विचार केला नाही. ‘अगं, भाजणी कुठेही जाते. पण बेसनाचा लाडू गावाबाहेर पाठवला की त्याचा चुरा होतो. लोक आधी पैसे भरतात आणि मग मला नाही म्हणावं लागतं. ते फार वाईट वाटतं.’

म्हणजे हवं आहे ते एवढंच: लाडवाच्या पानावर एक छोटी चौकट. गिऱ्हाइकाने पिन कोड टाकायचा आणि ‘हो, पाठवतो’ किंवा ‘इथे लाडू पाठवत नाही, भाजणी मागवा’ असं उत्तर पैसे भरायच्या आधी मिळायचं.

असं प्लगइन म्हणजे कागदोपत्री एक फोल्डर. त्यात पीएचपी भाषेतली एक फाइल, तिच्या सुरुवातीला प्लगइनचं नाव लिहिलेलं. एवढ्यावरच वर्डप्रेस त्याला ओळखतं. मग ब्लॉकची ओळख सांगणारी ‘ब्लॉक डॉट जेसन’ नावाची फाइल आणि एडिटरमध्ये तो कसा दिसेल ते सांगणारं जावास्क्रिप्ट. ‘क्रिएट ब्लॉक’ नावाचं अधिकृत साधन एका आज्ञेत हा सगळा सांगाडा तयार करून देतं. आत मांस भरायचं काम आपलं.

बाकी जोडणी हूकवर चालते. वर्डप्रेस आपलं काम करताना ठिकठिकाणी थांबून जणू विचारतं, ‘इथे कुणाला काही करायचंय का?’ आपलं प्लगइन त्या जागी हात वर करतं. म्हणून वर्डप्रेसच्या मूळ कोडला धक्का न लावता हवं ते जोडता येतं आणि नको झालं की काढता येतं.

आता पिन कोडकडे या. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि तिच्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभाग सांगतो. पण इथेच घाईत लिहिलेला कोड फसतो. पुण्याचा पिन ४ने सुरू होतो, म्हणून ‘४ म्हणजे महाराष्ट्र’ असं लिहून मोकळं व्हावं, तर इंदूरही ४ने सुरू होतं आणि पणजीही. ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या सगळ्यांचा विभाग आहे.

आणखी एक गोष्ट, खास आपल्या वाचकांसाठी. मराठी कीबोर्डवर कुणी ३९०००१ असं देवनागरीत टाइप केलं तर? आपल्याला तो वडोदऱ्याचा पिन दिसतो. पण इंग्रजी आकडेच ओळखायला शिकवलेलं प्लगइन म्हणतं, ‘हा पिन कोड चुकीचा आहे.’ आजोबा तीनदा टाकतात, तीनदा नकार मिळतो, मग फोन बाजूला ठेवतात. लाडू तर गेलेच, गिऱ्हाईकही गेलं. खरं तर देवनागरी आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्यायचे, एवढंच काम. चार ओळींचं. पण ते सुचायला मराठीत टाइप करणारं माणूस डोळ्यांसमोर असावं लागतं.

शेवटचा नियम सुरक्षेचा. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून आलेल्या कुठल्याही माहितीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. ब्राउझरमधला भाव जाणकार माणूस स्वतःपुरता बदलू शकतो. म्हणून बिलाची बेरीज नेहमी दुकानाच्या सर्व्हरवर, दुकानाच्या नोंदीवरूनच व्हायला हवी. गल्ल्यावर बसलेला माणूस ‘माझं बिल ५० रुपये झालं’ हे गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून पैसे घेत नाही, स्वतः बेरीज करतो. तसंच.

आणि हो, नवीन प्लगइन लिहायच्या आधी असलेलं नीट बघा. वूकॉमर्समध्ये डिलिव्हरीचे विभाग ठरवायची सोय आधीपासून आहे आणि त्यात पिन कोडचे गटही देता येतात. आत्याच्या शहरातली डिलिव्हरी तेवढ्यानेच ठरते. स्वतः लिहायची राहते ती फक्त आधीच उत्तर देणारी छोटी चौकट.

बसवताना हा क्रम ठेवा

१. आधी बॅकअप. वेबसाइटच्या फाइली आणि डेटाबेस, दोन्हींचा. फोटो आणि सजावट फाइलींत असतात, ऑर्डरींची वही डेटाबेसमध्ये. बॅकअप त्याच सर्व्हरवर पडून राहिला तर उपयोग नाही. एक प्रत दुसरीकडे ठेवा.

२. जमलं तर जुळी वेबसाइट. बऱ्याच होस्टिंग कंपन्या ‘स्टेजिंग’ म्हणून तुमच्या वेबसाइटची एक प्रत करून देतात. तालीम तिथे, प्रयोग खऱ्या रंगमंचावर.

३. प्लगइन कुठून घेताय ते बघा. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात प्रत्येक प्लगइनसमोर ते शेवटचं कधी सुधारलं, किती ठिकाणी चालू आहे आणि वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलं आहे, हे लिहिलेलं असतं. दोन वर्षांत हात न लागलेलं प्लगइन दुकानात नको. विकतचं प्लगइन ‘फुकट’ म्हणून कुणी फॉरवर्ड केलं, तर ते अजिबात नको. अशा फाइलींत चोरवाटा ठेवलेल्या असण्याचा धोका मोठा असतो.

४. मग ती दोन बटणं. डॅशबोर्डमध्ये प्लगइनच्या पानावर जाऊन नाव शोधा, इन्स्टॉल करा, अ‍ॅक्टिव्हेट करा. स्वतः बनवलेलं प्लगइन झिप फाइल करून त्याच पानावरून चढवता येतं. वूकॉमर्स सुरू झालं की दुकान, कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं आपोआप तयार होतात.

५. आता खरं काम. चलन रुपया, वजन किलोत, दुकानाचा पत्ता, डिलिव्हरीचे विभाग आणि दर. नव्या आवृत्त्यांमध्ये ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी लावून आत शांतपणे मांडामांड करता येते. ती जरूर लावा.

पैसे भरायच्या पानावर काय अडतं?

पूर्वी वूकॉमर्सचं चेकआउट पान शॉर्टकोडवर चालायचं, म्हणजे चौकटी कंसातला एक छोटा शब्द लिहिला की तिथे फॉर्म उमटायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीपासून नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउटही ब्लॉकचेच येतात. दिसायला छान आणि फोनवर सुटसुटीत. पण आतली जोडणी वेगळी. जुन्या फॉर्मवरचे अनेक हूक या ब्लॉकमध्ये चालत नाहीत.

परिणाम काय होतो? पेमेंटचं जुनं प्लगइन बसवलेलं असतं, चालूही दिसतं, पण चेकआउटवर यूपीआयचा पर्यायच उगवत नाही. किंवा तुम्ही हौसेने वाढवलेली ‘लाडू कुणासाठी?’ ही चौकट गायब होते. लाल अक्षरांत कुठली सूचनाही येत नाही. गिऱ्हाईक येतं, पैसे कुठे भरायचे ते शोधतं आणि निघून जातं. तुम्हाला वाटतं, यंदा मागणीच कमी आहे.

त्यामुळे पेमेंट किंवा डिलिव्हरीचं प्लगइन घेताना एक प्रश्न नक्की विचारा: हे ब्लॉकच्या चेकआउटवर चालतं का? नसेल चालत तर त्या पानावरचा ब्लॉक बदलून जुना फॉर्म परत आणता येतो. कमी देखणा, पण पैसे घेणारा. प्लगइन तुम्ही स्वतः लिहीत असाल तर दोन्ही तऱ्हेच्या पानांवर चालवून बघा.

पैशांबद्दल आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवता येत नाही. ते काम पेमेंट गेटवेवर सोडा. गेटवे प्रत्येक व्यवहारामागे आपला वाटा घेतो, तो भाव ठरवतानाच धरा. घरपोच दिल्यावर रोख घेण्याची सोय वूकॉमर्समध्ये आधीपासून असते. कॅशे करणारं, म्हणजे पान पटकन उघडावं म्हणून त्याची तयार प्रत दाखवणारं प्लगइन असेल, तर कार्ट आणि चेकआउट त्यातून वगळलेत ना, ते बघा. नाहीतर शिळं पान ताजं म्हणून समोर येतं.

प्लगइन करत नाही ती कामं

खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. दुसऱ्या राज्यात माल पाठवणार असाल तर जीएसटीचं काय, हे सीएंना आधीच विचारा. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणांहून पुण्या-मुंबईला भाजणी पाठवणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. तुम्ही कोण, कुठे आहात, माल परत कसा घेता आणि तक्रार कुणाकडे करायची, हे वेबसाइटवर स्पष्ट लिहा.

आणि लोकांचे पत्ते, फोन नंबर आता तुमच्या हातात आहेत. डॅशबोर्डचा पासवर्ड घरातल्या पाच जणांना वाटू नका. पाकिटं भरणाऱ्या मदतनिसाला फक्त ऑर्डरी दिसतील असं वेगळं खातं काढून द्या.

हे सगळ्यांना हवंच का?

नाही. महिन्याला दहा ऑर्डरी असतील आणि सगळे ओळखीचे असतील, तर फोन आणि एक वही पुरे. डोमेन आणि होस्टिंगचा दरवर्षीचा खर्च, अपडेट, बॅकअप हे सगळं मागे लागतं. पण ऑर्डरी हरवू लागल्या, अनोळखी गावांतून विचारणा येऊ लागली, की स्वतःचं दुकान कामाला येतं. दुसऱ्याच्या अ‍ॅपवर मांडलेला माल त्याच्या नियमांनी दिसतो किंवा लपतो. आपल्या वेबसाइटवरची गिऱ्हाइकांची वही आपली असते. होस्टिंग बदललं तरी ती बरोबर नेता येते.

पहिली ऑर्डर तुमचीच

सगळं मांडून झालं की एक करा. दुकान उघडायच्या आधी स्वतः गिऱ्हाईक व्हा. तुमच्या लॅपटॉपवर नको, घरातल्या सगळ्यांत जुन्या फोनवर. दुकानात लॉगइन नसलेल्या फोनवर. भाव बरोबर दिसतो का? देवनागरी आकड्यांत पिन कोड घेतो का? यूपीआय दिसतं का? खरे पैसे भरून बघा. ऑर्डरचा ईमेल आला का, की स्पॅममध्ये जाऊन बसला? वर्डप्रेसचे ईमेल तिथे जायचं प्रमाण बरंच असतं. त्यासाठी एसएमटीपीची वेगळी जोडणी करून घ्यावी. मग ती ऑर्डर रद्द करून पैसे परत येतात का, तेही बघा.

त्यानंतर हाच फोन आई, सासूबाई किंवा शेजारच्या काकांच्या हातात द्या आणि मागे उभं राहून गप्प बसा. अगदी गप्प. ‘तिथे नाही, इथे दाबा’ असं म्हणायचं नाही. त्या जिथे अडतात तिथेच तुमचं पुढचं गिऱ्हाईक अडणार आहे. तेवढं दुरुस्त करा, पुन्हा फोन द्या. त्यांनी मागवलेलं पाव किलोचं पाकीट न विचारता, न अडखळता त्यांच्या दारात पोचलं, की ‘लवकरच येत आहे’ची पाटी काढा आणि दुकानाची लिंक खुशाल सगळीकडे पाठवा.